आधी माल, मग माणूस : खलाशी जहाजावर झोपत कुठे?

गेल्या चवथीला भाचा पुण्याहून घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा चौकटीचे कागदच जास्त होते. तो आणि त्याचे मित्र एक खेळ खेळतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकजण एक सोंग घेतो, एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट पुढे नेतो. कुणाचं काय होणार ते फासे ठरवतात. मला ते पहिल्यांदा कळेना. मग तो म्हणाला, "मामा, दशावतारच समज. आख्यान ठरलेलं, बोलणं आयत्या वेळचं." एवढ्यावर मला कळलं. आमच्याकडे राजा आणि राक्षस लिखित संवादाशिवाय रात्रभर भांडतात, तसंच हे.

यंदा सूत्रधार तो होता. गोष्ट १८९९ सालची. मुंबईहून लंडनला निघालेली आगबोट, पहिल्या वर्गातल्या एका बाईची दागिन्यांची पेटी नाहीशी झालेली, आणि तपास करणारे कोण, तर एक रत्नागिरीकडचा सारंग, एक गोंयकार बटलर, एक स्कॉटिश इंजिनियर. कल्पना मला आवडली. खेळात जागा महत्त्वाची असते, म्हणून त्याने जहाजाचा आराखडा काढला होता. एक चौकोन म्हणजे पाच फूट बाय पाच फूट. कप्तानाची खोली, जेवणाचं दालन, त्यात पियानो, पहिल्या वर्गाच्या केबिनी, सगळं निगुतीने काढलेलं. आणि पुढे नाळेकडे एक मोठा मोकळा आयत. त्यात लिहिलेलं: 'खलाशी, ६०'. आत वसतिगृहासारख्या साठ खाटा ओळीने मांडलेल्या. प्रत्येक खाटेला वाटेसकट दोन चौकोन. उशाशी एकेक छोटं कपाट.

"हे बरोबर आहे का रे? तुमच्या मंडळात कुणाला तरी माहीत असेल," तो म्हणाला.

मंडळात विचारायची गरज नव्हती. माझे आजोबा, म्हणजे त्याचे पणजोबा, वेंगुर्ल्याकडचे. आधी फत्तेमारीवर आणि मग आगबोटीवर खलाशी होते. हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यात त्याची चूक नाही. आमच्या घरात आजोबा 'बोटीवर होते' एवढंच सांगितलं जातं, आणि त्यापुढे कुणी विचारलं तर विषय बदलतात. आई एकच गोष्ट सांगायची. आजोबा सुटीवर घरी आले की पहिले आठ-दहा दिवस ओसरीवर भिंतीला चिकटून, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपत. आजी म्हणायची, अहो, जागा आहे, पाय पसरा. ते झोपेत पाय पसरत नसत.

त्यामुळे त्या साठ खाटांकडे बघून मला हसू आलं नाही.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण भाच्याला आकडेच हवे होते. ब्रिटनच्या १८९४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यात लिहिलंय की जहाजावरच्या प्रत्येक खलाशाला निदान ७२ घनफूट जागा आणि १२ चौरस फूट जमीन मिळाली पाहिजे. पण हिंदुस्थानात भरती झालेल्या खलाशाला हिंदुस्थानचा कायदा लागू. त्यात आकडा होता ३६ घनफूट. बरोबर निम्मा. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. माणूस आडवा पडला आणि उठून बसला तर डोकं वरच्या फळीला लागेल, एवढं. या ३६ मध्ये नुसतं अंथरूण नव्हे. त्याची पेटी, त्याचे ओले कपडे, त्याची ताटली, सगळं त्यातच.

आता हे भाच्याच्या चौकोनात मांडू. पाच बाय पाचचा चौकोन, छताची उंची सहा फूट धरली, तर एका चौकोनात १५० घनफूट. म्हणजे गोरे खलाशी असतील तर एका चौकोनात दोन. आमचे असतील तर चार. भाच्याने साठ जणांना १२० चौकोन दिले होते, म्हणजे माणशी ३०० घनफूट. कायद्याने ते साठजण पंधरा चौकोनांत बसत होते. मी पेन्सिलीने पंधरा चौकोन रंगवून दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "बाकीच्या एकशे पाच चौकोनांत काय होतं मग?"

माल होता.

हा प्रश्न त्याने अगदी सहज विचारला, पण माझ्या मते सगळा विषय तिथेच आहे. आपण घर बांधतो तेव्हा आधी माणसं किती ते मोजतो आणि मग खोल्या काढतो. जहाज तसं काढत नाहीत. आधी माल, मग भाडं देणारा प्रवासी, मग यंत्र आणि कोळसा, मग अधिकारी, आणि या सगळ्यातून उरलेल्या सांदीकोपऱ्यात खलाशी. जहाजाचा आकार ज्या टनांत सांगतात तो टन वजनाचा नसतो, जागेचा असतो. १०० घनफुटांना एक टन. बंदराचे कर त्यावर आकारले जायचे. खलाशांची जागा कायद्याप्रमाणे असेल तर ती या मापातून वजा करून मिळे, कारण त्या जागेतून कमाई नाही. म्हणजे कागदावरसुद्धा खलाशी झोपतो ती जागा ही 'वजा' करायची जागा. साठ खलाशांना ७२ च्या ऐवजी ३६ दिले तर २,१६० घनफूट वाचतात, साडेएकवीस टनांचा माल जास्त. ज्या कंपनीची डझनावारी जहाजं वर्षभर फेऱ्या मारतात तिच्यासाठी हा हिशेब लहान नव्हे.

मालकांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. म्हणत, हिंदी माणूस अंगाने लहान. त्याला एकमेकांना चिकटून झोपायची सवय. गरम हवेत तो डेकवरच झोपतो, त्याला खोली हवी कशाला? शेवटचं खरंच होतं. तांबड्या समुद्रात लोखंडी जहाजाच्या पोटात कोण झोपेल? पण त्याच जहाजाला पुढे बिस्केचा उपसागर लागायचा आणि मग जानेवारीतलं लंडन. तिथे डेकवर झोपता येत नाही.

१९०६ साली ब्रिटनने आपल्या खलाशांची जागा ७२ वरून १२० घनफुटांवर नेली. हिंदी खलाशांना या वाढीतून वगळलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश जहाजांवर सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतका. पगाराबद्दल आपल्याकडे थोडंफार लिहिलं गेलं. जागेबद्दल फारसं नाही. शेजारच्या अंकोल्याचे दिनकर देसाई, ज्यांना कारवार जिल्हा चुटके लिहिणारे कवी म्हणून ओळखतो, त्यांनी १९४० साली 'मेरीटाइम लेबर इन इंडिया' हे पुस्तक काढलं. ते खलाशांच्या संघटनेत काम करत होते. आपल्या भागातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

तर ही उरलेल्या जागेची रीत. ती काही आगबोटीने आणलेली नाही. आपल्या मांडवीत ती त्याच्या तीनशे वर्षं आधी नांगर टाकून उभी होती.

लिस्बनहून गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं साधारण मार्चमध्ये निघत आणि सप्टेंबरच्या सुमारास इथे पोचत. सहा महिने. एका जहाजावर पाचशे-सहाशे माणसं सहज असत, त्यात सैनिक बरेच. कप्तान, सुकाण्या, नावाडी मुकादम यांना मागच्या उंच मजल्यावर खोल्या. खरे कसलेले खलाशी वेगळे आणि 'ग्रुमेत' म्हणजे शिकाऊ पोरं वेगळी. सगळ्यांत घाण आणि जड काम या पोरांचं, आणि झोपायला त्यांना खोलीच नाही. मधल्या डोलकाठीपासून पुढच्या डोलकाठीपर्यंतचा उघडा डेक हीच त्यांची जागा. पाऊस असो की वादळ.

आणि तरी या ग्रुमेताच्या नावे एक गोष्ट होती: पेटी. पोर्तुगीज राजाने पगार कमी ठेवला आणि त्याबदली प्रत्येकाला हुद्द्याप्रमाणे ठरावीक मापाची पेटी मालाने भरून बिनकराची नेण्याची सूट दिली. 'लिबर्दाद'ची पेटी म्हणत. शिवाय ज्यांना खोली किंवा डेकवरची राखीव जागा मिळे, तिला 'गाझाल्यादु' म्हणत, त्यांना ती विकता येई. प्रवाशाला विका, नाहीतर व्यापाऱ्याला. मग परतीच्या वाटेवर काय व्हायचं ते सांगायला नको. ज्याची खोली त्याने ती दालचिनीच्या आणि कापडाच्या गाठोड्यांनी भरलेली, आणि स्वतः गाठोड्यावर झोपलेला. डेकवरसुद्धा पेट्यांचे ढीग, तोफांपुढे पेट्या. परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या किनाऱ्याला इतकी पोर्तुगीज जहाजं फुटली, त्याचं एक कारण असं बेसुमार भरणं, हे त्या काळातल्याच लोकांनी लिहून ठेवलंय. आपली झोपायची जागा विकून चार पैसे करणारा माणूस लोभी होता की नाइलाजाने वागत होता? मला दुसरं वाटतं. पगारात भागत नसेल तर माणूस अंथरूणही गहाण टाकतो.

फ्रान्स्वा पिरार नावाचा फ्रेंच माणूस १६०८ ते १६१० गोव्यात होता. पोर्तुगीज जहाजांवरच्या घाणीबद्दल त्याने लिहिलंय की बरेचजण शौचाला वर जाण्याचेसुद्धा कष्ट घेत नसत आणि त्यामुळे रोगराई होऊन माणसं मरत. पिरार पोर्तुगीजांचा मित्र नव्हता, हे लक्षात ठेवून वाचायचं. पण आजारी माणसाने वादळात, हलत्या शिडीवरून, शेकडो पेट्यांवरून पाय टाकत, नाळेपर्यंत जायचं कसं, हा प्रश्न त्याने केला नाही. आराखड्यात वाट ठेवली नाही तर पुढचं सगळं आपोआप होतं. आग्वादच्या किल्ल्यातला झरा जहाजांना पाणी भरून द्यायचा म्हणून त्याला आग्वाद नाव पडलं, हे आपण शाळेच्या सहलींना सांगतो. ती पिंपंसुद्धा कुठेतरी ठेवावी लागत. त्यांचीही जागा माणसाच्या जागेतूनच कापली जाई.

भाच्याने इथे मला अडवलं. "झोळ्या नसायच्या का? सगळ्या सिनेमात असतात."

असायच्या, पण बहुतेक लढाऊ जहाजांवर. कोलंबसच्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर लोकांना जाळीच्या झोळीत झोपलेलं पाहिलं, आणि ती कल्पना युरोपच्या आरमारांत गेली. ब्रिटिश आरमारात माणशी १४ इंच रुंदी. हा आकडा वाचून दचकायला होतं, पण निम्मे लोक पहाऱ्यावर असत, म्हणून प्रत्यक्षात २८. सकाळी झोळी गुंडाळून डेकच्या कठड्यात ठेवायची, म्हणजे तोफांना जागा मोकळी. हे बघायचं असेल तर इंग्लंडात हार्टलपूल गावी 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज अजून तरंगतं आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं. आमचं लाकूड, आमचे सुतार. भाच्याने फोनवर त्याची चित्रं काढली आणि आम्ही दोघांनी पाहिली. टेबलावर झुकलेलं बुटकं छत, आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या झोळ्या.

आगबोटीवरच्या आमच्या लोकांना झोळी नव्हती. एकावर एक फळ्या होत्या, आणि अंथरूण ज्याचं त्याने आणायचं. सतरंजी, गोधडी, वळकटी.

आता आगबोटीचा आराखडा नीट काढू. भाच्याचा 'खलाशी, ६०' हा आयतच मुळात चुकीचा, कारण असा एक गट नव्हताच. तीन होते. डेकवाले, इंजिनवाले आणि सलूनवाले. डेकवाल्यांचा मुखिया सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारे सुकाणी, कोठाराचा कसाब आणि मग खलाशी. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान खूप असत. इंजिनवाल्यांचा सारंग निराळा. तेलवाले, आगवाले आणि कोळसा ओढणारे, यांत पुढे पंजाब आणि सरहद्दीकडचे बरेच. आणि सलूनवाले, म्हणजे जेवण वाढणारे, केबिनी आवरणारे, साहेबाचा स्वयंपाक करणारे, ते आपले गोंयकार ख्रिस्ती. त्यांना डुकराचं, गाईचं मांस आणि दारू हाताळायला अडचण नाही, म्हणून कंपन्यांची त्यांना पसंती.

तीन गटांची झोपायची जागा तीन ठिकाणी, आणि चूलही वेगवेगळी. खलाशांच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी हा शिधा करारात लिहिलेला असायचा. गोऱ्या अधिकाऱ्यांचं स्वयंपाकघर आणखी निराळं. म्हणून आराखडा काढताना एक मोठी खोली काढली की चुकलंच. लहान लहान खोल्या, आणि त्यांच्यामध्ये भिंती. त्या भिंती मालकाने काढल्या हे खरं. पण त्या आमच्या मनातही होत्या, आणि मालकाला त्या आयत्या मिळाल्या. याचा पुरावा हवा असेल तर 'टोपास' बघा. हा शब्द आधी टोपी घालणाऱ्या मिश्र पोर्तुगीज शिपायांसाठी होता. आगबोटीवर तो झाडूवाल्याचं नाव झाला. संडास-मोऱ्या धुणारा हा माणूस तिन्ही गटांच्या बाहेर. त्याच्याबरोबर जेवायला बसणारा कुणी नाही. भाच्याच्या आराखड्यात टोपास नव्हता. मी म्हटलं, तो काढ, आणि त्याला एकट्याला काढ.

जागा कुठली? डेकवाल्यांची बहुधा नाळेत. जहाजाचं तोंड म्हटलं की रुबाबदार वाटतं, पण झोपायला याहून वाईट जागा नाही. मधोमध असलेला माणूस लाटेवर थोडा हलतो, नाळेतला माणूस प्रत्येक लाटेला दोन मजले वर जातो आणि खाली येतो. पुढून लाट आपटली की भिंत वाजते. नांगराची साखळी तिथूनच उतरते. म्हणून पहिल्या वर्गाच्या केबिनी मधोमध आणि खलाशी टोकाला. आजोबा एकदा म्हणाले होते असं आई सांगते: बंदरात नांगर पडला की आम्ही घरभर जागे व्हायचो. 'घरभर' हा शब्द त्यांचा.

सारंगाला मात्र दाराशीच एक छोटी खोली असे. हे बारीक कलम फार महत्त्वाचं आहे. सारंगच आपल्या गावातून, नात्यातून माणसं भरायचा. कुणी कर्ज त्याच्याकडून काढलेलं, कुणाची बहीण त्याच्या घरात दिलेली. त्याच्या दारावरून गेल्याशिवाय आत-बाहेर करता येत नाही. भाच्याचा एक मित्र सारंगाचं सोंग घेणार होता आणि त्याच्या अंगी काय 'शक्ती' द्यावी असा प्रश्न होता. मी म्हटलं, शक्ती एवढीच की रात्री कोण किती वाजता बाहेर गेला ते त्याला माहीत असतं.

फत्तेमारीवर असं नव्हतं. आजोबा आधी मंगळूरची कौलं घेऊन मुंबईला जाणाऱ्या फत्तेमारीवर होते. दहा-पंधरा माणसं. पोट कौलांनी भरलेलं, माणसं वर. पिछाडीच्या उंच फळ्यांवर ताडपत्रीखाली तांडेलही झोपायचा आणि पोरगाही. चूल म्हणजे वाळू भरलेली लाकडी पेटी. परसाकडला मागच्या बाजूला समुद्रावर टांगलेली एक चौकट. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची आणि घरी जायचं. ते दिवस चांगले होते असं म्हणण्यात अर्थ नाही; फत्तेमाऱ्या बुडायच्या, आणि तांडेल मारायचासुद्धा. पण आकाश सगळ्यांना सारखंच होतं. आजोबा फत्तेमारीबद्दल बोलत, आगबोटीबद्दल नाही, एवढं मला ठाऊक आहे.

आपल्या गोव्याकडून या गोष्टीला आणखी एक खोली जोडलेली आहे, आणि ती जहाजावर नाही. मुंबईत धोबीतलाव, माझगाव या भागांत गोंयकारांच्या 'कुडी' आहेत. एकेका गावाची एकेक कूड. बोट लागेपर्यंत, किंवा सुटीनंतर दुसरी बोट मिळेपर्यंत, गावचा तारवटी तिथे नाममात्र पैशांत राहायचा. धोबीतलावच्या जेर महालात अशा बऱ्याच कुडी होत्या, काही अजून आहेत. मी एकीत जाऊन आलोय. एक लांब दालन, टोकाला गावच्या संताची वेदी, भिंतीला लागून ओळीने पेट्या. रात्री पेटीसमोर चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा. खाट नाही, कपाट नाही. जहाजावरचीच जागा, फक्त हलत नाही. कोकणीत 'कूड' म्हणजे खोली आणि 'कूड' म्हणजे शरीरही. आपण मराठीत कुडी म्हणतो ती. उगाच शब्दांत फार अर्थ काढू नये, पण तिथे चटईएवढ्या जागेत निजलेली माणसं पाहिली तेव्हा मला दोन्ही अर्थ एकदम आठवले.

शब्दांवरून आठवलं. या लोकांची एक बोली होती, खलाशांची हिंदुस्थानी. तिच्यात फारसी, मराठी, गुजराती, इंग्रजी आणि भरपूर पोर्तुगीज. थॉमस रोबक याने १८११ साली तिचा कोश काढला, अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून. पुढच्या डोलकाठीचं 'त्रिकट' हे पोर्तुगीज 'त्राकेत'वरून, वरच्या शिडाचं 'गावी' हे 'गाव्या'वरून. आणि 'कामरा' हा 'कामारा'वरून. हिंदीतला कमरा तोच. जहाजावर कामरा साहेबाचा असे.

मग भाच्याने खेळाच्या दृष्टीने खरा प्रश्न विचारला. दागिन्यांची पेटी चोरणारा खलाशी असेल तर त्याने ती लपवली कुठे? आणि दोघांना गुपचूप बोलायचं असेल तर कुठे बोलतील?

कुठेच नाही, हे उत्तर. माणशी ३६ घनफुटांत लपवायला जागा नसते. उशाखाली हात घातला तर शेजाऱ्याच्या अंगाला लागतो. खासगी म्हणावी अशी एकच गोष्ट, कुलपाची पत्र्याची पेटी. त्या पेटीत घरून आलेली पत्रं, एक चांगला सदरा, साबण, बायकोसाठी घेतलेलं काहीतरी. संशय आला की तीसुद्धा सगळ्यांसमोर उघडली जायची. चोरी झाली की आधी झडती खलाशांची, हे सांगायला कोश लागत नाही. भाचा थोडा हिरमुसला, कारण त्याचं आख्यान त्या झडतीशिवायच रचलेलं होतं. मग म्हणाला, "म्हणजे सारंग झालेल्या मित्राला आपल्याच माणसांच्या पेट्या उघडायला लावायच्या." मी काही बोललो नाही. खेळ त्याचा आहे.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली सिअॅटलला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची परिषद भरली आणि खलाशांच्या राहण्याच्या जागेवर पहिला करार झाला. १९४९ मध्ये तो सुधारला. त्यात एक कलम आहे जे मी दोनदा वाचलं: झोपायची जागा नाळेतल्या टक्करभिंतीच्या पुढे असता कामा नये. म्हणजे जहाज कशाला धडकलं तर पहिल्यांदा जो भाग चेपतो, तिथे माणसं ठेवायची नाहीत. आताचा २००६ चा करार भारतानेही २०१५ मध्ये मान्य केला. त्याप्रमाणे बिछाना निदान १९८ सेंटीमीटर लांब आणि ८० रुंद, छताची उंची २०३, आणि तीन हजार टनांखालच्या जहाजावरसुद्धा एकट्याच्या खोलीला साडेचार चौरस मीटर जमीन. साडेचार चौरस मीटर म्हणजे साधारण ४८ चौरस फूट. भाच्याच्या हिशेबाने एका माणसाला जवळजवळ दोन चौकोन. म्हणजे त्याने १८९९ च्या बोटीवर जो आराखडा काढला होता, तो चुकीचा नव्हता. फक्त शंभर वर्षं लवकरचा होता.

चवथ झाल्यावर तो परत जायच्या आदल्या दिवशी माळ्यावरून आजोबांची पेटी खाली काढली. आमच्याकडे तिच्यात माटोळीच्या दोऱ्या आणि आकडे ठेवतात. काळा रंग उडालेला, कडी गंजलेली, झाकणाच्या आत कसलासा कागद चिकटवल्याची खूण. भाच्याने टेप लावली. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच. पावणेचार घनफूट. छत्तीसातून वजा केले तर उरले सव्वाबत्तीस.

त्याने नवा आराखडा काढायला घेतला. आधी कोळसा काढला, मग माल. मग मला विचारलं, पणजोबांची फळी वरची होती की खालची? आईला हाक मारली. ती आतून म्हणाली, "वरची. खालच्यावर पाणी यायचं म्हणायचे."

त्याने वरची काढली.